घरट्यासमोरचा कॅमेरा

लहान पक्ष्याचा फोटो हा मुळात अंतराचा हिशेब आहे. तिबोटी खंड्या चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम तेरा सेंटिमीटर. ३०० मिलिमीटरची लेन्स घेऊन तुम्ही त्याच्यापासून वीस फुटांवर उभे राहिलात, तर पस्तीस मिलिमीटरच्या रिळावर तो सात मिलिमीटरचा उमटतो, तांदळाच्या दाण्याएवढा. दहा फुटांवर गेलात तर त्याच्या दुप्पट. पण माणूस दहा फुटांवर आलेला पाहून कुठलाही शहाणा पक्षी जागेवर थांबत नाही. म्हणून या धंद्यात पहिल्यापासून रीत उलटी आहे. आपण पक्ष्याकडे जायचं नाही, पक्ष्यानं कॅमेऱ्यासमोर यायचं. त्यानं यावं तरी कशासाठी, याची उत्तरं वेगवेगळ्या काळात वेगवेगळी निघाली. पहिली सत्तर-ऐंशी वर्षं मात्र एकच उत्तर चाललं: घरटं.

हे मी पुस्तकांतून शिकलो त्याआधी आमच्या स्टुडिओत शिकलो. चिपळूणच्या बाजारपेठेत वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. सागवानी चौकटीचा, चामड्याच्या भात्याचा हाफ-प्लेट कॅमेरा तिथे माझ्या लहानपणापर्यंत उभा असे. वडील त्यावर कुटुंबाचे ग्रुप काढत. काळ्या कापडात डोकं घालायचं, मागच्या घाशीव काचेवर माणसं उलटी दिसत, ती नीट रेखीव होईपर्यंत भाता पुढेमागे करायचा. मग काच बाजूला सारून तिथे प्लेटची पेटी बसवायची. त्या क्षणापासून फोटोग्राफर आंधळा. काचेवर पाहिलेलं चित्र समोर अजून तसंच आहे, असं मानून चालायचं. म्हणून तर ते "हलू नका, हलू नका" चाललेलं असे. तरी एखादं पोर हलायचंच, आणि त्याच्या डोक्याच्या जागी धूर उमटायचा.

आता या कॅमेऱ्यासमोर शिंपी पक्षी किंवा वटवट्या ठेवून पाहा. त्याला कोण सांगणार हलू नकोस म्हणून? जवळून फोटो घेताना रेखीव दिसणारा पट्टा एखाद्या इंचाचा असतो. पक्षी एक उडी पुढे आला की संपलं. पण घरट्याची कड कुठे जात नाही. पिल्लांना भरवताना आईबाप रोज त्याच काठावर, बहुतेक वेळा त्याच बाजूने येऊन बसतात. त्या काठावर आधीच फोकस लावून ठेवायचा, रबरी फुगा हातात धरायचा आणि पक्षी टेकला की दाबायचा. उगाच कुणाच्या डोक्यात आलं म्हणून माणसं घरट्याकडे वळली नाहीत, यंत्रच त्यांना तिकडे ढकलत होतं.

ढकलले गेलेल्यांपैकी पहिले नाव मिळवलेले दोघे भाऊ, रिचर्ड आणि चेरी कीर्टन. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या थ्वेट या गावचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. दोघे लंडनला कॅसल या प्रकाशन कंपनीत नोकरीला होते. १८९२च्या एप्रिलमध्ये चेरीने लंडनजवळ एका घरट्याचा अंड्यांसकट फोटो घेतला आणि थोरल्याच्या लक्षात आलं की यातून पुस्तक होईल. १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याआधी निसर्गाच्या पुस्तकांत पक्षी म्हणजे चित्रकाराने पेंढा भरलेला नमुना पाहून काढलेला पक्षी. या पुस्तकातली चित्रं सगळी प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या फोटोंवरून होती. त्याच वर्षी रेजिनाल्ड लॉज नावाच्या दुसऱ्या इंग्रजाला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदक मिळालं, ते अंड्यांवर बसलेल्या टिटवीच्या जातीतल्या पक्ष्याच्या फोटोसाठी. म्हणजे तोही घरट्यावरचाच.

कीर्टन बंधूंना खरी प्रसिद्धी मिळाली ती त्यांच्या लपायच्या युक्त्यांमुळे. खोटं झाडाचं खोड, खोटी मेंढी, आणि १९०० साली तर चक्क पोकळ बैल. बैलाचं खरं कातडं सांगाड्यावर चढवलेलं, पोटात माणूस, छातीत भोक पाडून त्यातून लेन्स. पक्षी बैलाला भीत नाहीत, एवढा साधा विचार. आत वाकून उभ्या राहिलेल्या रिचर्डला एकदा घेरी आली आणि तो बैलासकट कलंडला, अशी गोष्ट सांगतात. बैलाचे चारी पाय आकाशात. धाकट्याने धावत येऊन आधी त्याचा फोटो काढला आणि मग भावाला बाहेर काढलं. ही गोष्ट मी वडिलांना सांगितली होती. ते म्हणाले, "बरोबर केलं. भाऊ कुठे जाणार होता?"

आपल्याकडे हा नाद आला तो साहेबांबरोबर. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ची, तिचं नियतकालिक १८८६पासून चालू. त्यातल्या पक्ष्यांविषयीच्या लेखांमागे बराच काळ बंदूक असे. पक्षी मारायचा, कातडं जपायचं, अंडी गोळा करायची, मग लिहायचं. पहिल्या महायुद्धानंतर त्याच पानांत हळूहळू कॅमेरावाले दिसू लागले. लष्करात असलेला आर. एस. पी. बेट्स त्यांतला एक. त्याचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक १९३१ सालचं. दुसरा ई. एच. एन. लोदर, ईस्ट इंडियन रेल्वेतला. रेल्वेच्या नोकरीत बदल्या फार, पण दर बदलीला नवा मुलूख आणि नवे पक्षी. त्याचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' १९४९ साली ऑक्सफर्डने छापलं, आणि १९५२ साली दोघांनी मिळून काश्मीरमध्ये घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर पुस्तक केलं.

या लोकांची पद्धत थोडी खोलात जाऊन सांगायला हवी, कारण आज ती माहीत असणारे फार थोडे आहेत. घरटं सापडलं की लगेच कॅमेरा लावायचा नाही. आधी लांबवर कापडी तंबू उभा करायचा, माणूस जेमतेम स्टुलावर बसू शकेल एवढा. दुसऱ्या दिवशी तो थोडा पुढे सरकवायचा. पक्षी भरवायला येतोय ना, हे पाहून पुन्हा थोडा. अंड्यांवरचा पक्षी घरटं चटकन सोडतो, पिल्लं झालेला सहसा सोडत नाही. म्हणून पिल्लं आठवडाभराची होईपर्यंत धीर धरायचा. तंबू शेवटच्या जागी आला की दोघांनी मिळून आत शिरायचं आणि एकाने मोठ्याने बोलत, हात हलवत निघून जायचं. पक्ष्याला वजाबाकी येत नाही. एक माणूस गेला म्हणजे संकट टळलं, असं समजून तो पाच-दहा मिनिटांत परत येतो. ही युक्ती मी स्वतः केलेली आहे. तिला कधी अपयश आलेलं आठवत नाही. फक्त कावळ्यांसमोर ती चालत नाही.

दुसरी गोष्ट मात्र तेवढी कौतुकाची नाही. झुडपातलं घरटं पानाआड असतं, म्हणून तर ते टिकतं. लेन्सला तर पानं नकोत. मग समोरच्या फांद्या दोरीने बाजूला बांधायच्या, फोटो झाले की सोडायच्या. शहाणे लोक बांधत, बाकीचे कापून टाकत. आपल्याकडचा मे महिन्यातला अकराचा सूर्य उघड्या घरट्यातल्या, अंगावर पिसं नसलेल्या पिल्लांना अर्ध्या तासात संपवू शकतो. इंग्लंडात वाढलेली पद्धत इथे जशीच्या तशी वापरण्यात मोठी खोट होती ती ही. शिवाय माणसाच्या पायवाटेने मुंगूस आणि भारद्वाज मागाहून घरट्यापर्यंत पोहोचतात. आणि या सगळ्यात घरटं शोधून देणारा कोण असे? गुराखी, कातकरी, गावातला एखादा शिकारी. पुस्तकात त्याचं नाव सहसा नसतं.

तंबूत बसायचं ते कॅमेऱ्यासाठीच, असंही नव्हतं. सालिम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि पावसाळ्यात शिडीवर कापडी लपण बांधून सुगरणींच्या वसाहतीसमोर बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत राहते, आणि नर लगेच पुढचं घरटं दुसरीसाठी विणायला घेतो. १९३१ साली हा लेख छापून आला आणि सुगरणीच्या संसाराची आधीची समजूत बदलली. माझ्या मते लपणीचा याहून चांगला उपयोग आपल्याकडे कुणी केलेला नाही.

त्यांच्याबरोबर पुढे हिंडला तो लोक वान थो, क्वालालंपूरच्या अतिश्रीमंत चिनी घराण्यातला, सिंगापूरच्या सिनेमागृहांचा मालक. फेब्रुवारी १९४२मध्ये जपान्यांच्या हाती सिंगापूर पडायच्या सुमारास तो बोटीने निघाला, बोटीवर बाँब पडला, तो भाजला, काही काळ डोळ्यांना दिसेना. त्यातून वाचून तो हिंदुस्थानात पोहोचला. इथे सालिम अलींची गाठ पडली आणि युद्ध संपल्यावरही दोघांचे दौरे चालू राहिले, बराचसा खर्च लोकचा. उंच झाडावरच्या घरट्यांसाठी तो मनोरे उभारून घेई आणि माथ्यावर लपण बांधून आत बसे. त्याचं 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' १९५७चं. मुंबईच्या एका ग्रंथालयात ते मला चाळायला मिळालं, तेव्हा मी फोटोंपेक्षा ते मनोरे कसे बांधलेत तेच जास्त पाहत बसलो. १९६४मध्ये तैवानला विमान कोसळून तो गेला.

मधल्या काळात उजेडाचा प्रश्न सुटत चालला होता. कोडॅकची रंगीत कोडाक्रोम १९३५ सालची, पण तिचा वेग, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, अवघा दहा. लख्ख उन्हात एफ-८ ठेवलं तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा वेळ द्यावा लागे, आणि सावलीत त्याच्या सहापट-आठपट. तेवढ्यात नाचण तीनदा शेपटी पसरून मिटतो. मग आधी फ्लॅशचे दिवे आले, प्रत्येक फोटोला एक दिवा जाळायचा. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टनने त्याच्या उजेडात हमिंगबर्डचे पंख हवेत थांबवून दाखवले. ब्रिटनमध्ये एरिक हॉस्किंगने महायुद्ध संपल्याबरोबर तो पक्ष्यांसाठी वापरायला घेतला. हॉस्किंगला तोवर एकच डोळा उरला होता. दुसरा १९३७ साली घरट्याजवळ घुबडाने नेला होता. लपणीतला माणूस फार सुरक्षित असतो असं कुणी समजू नये. पण फ्लॅशने उजेड दिला, अंतर तेवढंच राहिलं. दिवे आधी मांडायला पक्षी येण्याची जागा ठाऊक हवी, म्हणजे पुन्हा घरटं.

मी स्वतः या कामात पडलो तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. रशियन झेनिट कॅमेरा, सेकंडहँड ३०० मिलिमीटरची लेन्स आणि पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म. झेनिट म्हणजे लोखंडाचा ठोकळा. शटरचा आवाज एवढा की पहिल्या फोटोनंतर दुसरा फोटो रिकाम्या फांदीचाच मिळायचा. फ्लॅश लावायचा तर शटर १/३०वरच ठेवावं लागे, त्यामुळे उन्हात पक्ष्याशेजारी त्याचंच पुसट भूत उमटे. रिळं स्टुडिओतच धुवायचो, लग्नाच्या रिळांबरोबर. वडिलांचा या छंदाला विरोध नव्हता, पण वहीत ते माझ्या नावावर हायपोचा, म्हणजे रिळं धुवायच्या रसायनाचा, खर्च लिहून ठेवत. "गिऱ्हाईक पैसे देतं. तुझा पक्षी काय देतो?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी काढलेले फोटो दयाळाचे, शिंजिराचे, सुभगाचे, सगळे घरट्यावरचे. तेव्हा दुसरे फोटो कुणी काढत नसे. प्रदर्शनात तेच लागत आणि बक्षिसंही त्यांनाच मिळत.

गंमत अशी की कायदा तोवर झालेला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात शिकार म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, आणि रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही त्या व्याख्येत बसतं. बंदूक सोडून कॅमेरा हातात घेतला म्हणून ज्या लोकांचं कौतुक झालं, त्यांच्या रीतीतला बराच भाग अशा प्रकारे शिकारीतच मोडला. पण ते कलम फोटोग्राफरांपैकी कुणी वाचलेलं नव्हतं. बदल झाला तो बऱ्याच नंतर, कायद्याने कमी आणि लाजेने जास्त. पक्षिनिरीक्षक मंडळी बोलू लागली, स्पर्धांच्या नियमांत घरट्यावरचे फोटो चालणार नाहीत असं येऊ लागलं, आणि ज्यांच्या भिंतीवर असे फोटो होते त्यांनी ते उतरवले. माझे पाकिटांत होते. प्रत्येक पाकिटावर तारीख, झाड, जमिनीपासून घरट्याची उंची, पिल्लं किती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानात पुरुषभर पाणी होतं. निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर भिजून फुगला आणि पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. काही मी बादलीत साध्या पाण्यात सोडवून दोरीवर वाळवल्या. पाकिटांवरचा मजकूर पेन्सिलीने लिहिला होता म्हणून वाचला. शाईने लिहिलेली लग्नांची नावं सगळी गेली.

डिजिटल कॅमेरा आल्यावर घरट्याचं कारणच उरलं नाही, असं वाटावं. आज वेग ३२०० ठेवून गर्द सावलीत फोटो निघतो. कोडाक्रोमच्या दहाशी तुलना केली तर तीनशे वीस पट. चारशे-सहाशेच्या लेन्स पगारदार माणसाच्या आवाक्यात आल्या. फोकस यंत्रच पक्ष्याच्या डोळ्यावर धरतं. तरी अंतराचा हिशेब तसाच आहे, फक्त दहा फुटांचे वीस-पंचवीस फूट झाले. म्हणून पक्ष्याला बोलावण्याच्या नव्या वाटा निघाल्या. सिंहगडच्या पायथ्याला आणि इतरत्रही पाण्याच्या छोट्या डबक्यासमोर हाईड, म्हणजे लपणच, बांधून बसायची पद्धत रुळली. कोरड्या महिन्यांत तिथे नीलिमा, स्वर्गीय नर्तक, नारिंगी डोक्याचा कस्तुर आंघोळीला येतात. कुणी अळ्या ठेवतं. कुणी मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवतं. जूनमध्ये नवरंग जागा धरून शीळ घालत असतो. त्याला ती ऐकवली की दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय असं वाटून तो समोर येतो, छाती काढून, दिवसातून दहादा. ज्या वेळेत त्याने चरायचं, त्या वेळेत तो नसलेल्या शत्रूशी भांडत असतो. मला यांतलं हे सगळ्यांत वाईट वाटतं, घरट्यावरच्या फोटोपेक्षाही. लोदरला निदान तंबू पुढे सरकवत दिवस काढावे लागत. इथे बटण दाबलं की झालं.

आणि घरटं तरी कुठे सुटलं? आमच्याच भागात पहिल्या पावसाबरोबर तिबोटी खंड्या येतो आणि पऱ्याकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, तांबड्या मातीच्या दरडीत बीळ खोदतो. भरवायला येताना तो थेट बिळात शिरत नाही, आधी समोरच्या काटकीवर टेकतो, चोचीत पाल, सापसुरळी नाहीतर छोटा खेकडा. पाचसहा रंग एका जागी, मागे ओली हिरवी झाडी. असा फोटो कुणाला नको असेल? मग जमीनमालकाच्या परवानगीने हाईड उभी राहते, शेवाळलेली काठी रोवली जाते, मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. एका हाईडमध्ये पाच-सहा लेन्स. एखादी हलली, कुणी खोकलं, की पक्षी पाल चोचीत धरून पलीकडच्या फांदीवर ताटकळत राहतो.

यावर शहरात बसून शेतकऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. मी अशा एका मालकाकडे जाऊन बसलो होतो. तो म्हणाला, "काका, ही दरड मी जेसीबीवाल्याला मातीसाठी दिली असती तर एका दिवसात पैसे मिळाले असते. पक्षी येतो म्हणून ठेवलीय." त्याचं म्हणणं खोटं नाही. आसपासच्या दरडी रस्त्याच्या आणि घरांच्या भरावात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, त्याची अजून उभी आहे. मी त्याला एवढंच सुचवलं की हाईड बिळासमोरून उचल आणि पऱ्याच्या खालच्या अंगाला, पक्षी खेकडे पकडतो त्या डोहाजवळ ने. फोटो मिळायला वेळ जास्त लागेल, पण दिवसाचे पैसे तेवढेच घे. "लोक थांबत नाहीत हो," तो म्हणाला. "त्यांना रविवारी संध्याकाळी परत जायचं असतं." पुढच्या वर्षी त्याने एक हाईड डोहाकडे नेली, एक बिळासमोर ठेवली. डोहाकडच्या हाईडला गिऱ्हाईक कमी.

मी सध्या पाण्यावर बसतो. गावाबाहेर एक बंद पडलेली चिरेखाण आहे. तिच्यातलं पावसाचं पाणी माघ सरेपर्यंत पुरतं. ते आटलं की मी कडेला एक पसरट मातीची परात ठेवतो. आधी बुलबुल येतात, मग चष्मेवाले झुंडीने, आणि उन्हं कलली की एकटी नीलिमा. परात एकदा ठेवली की पाऊस येईपर्यंत रोज भरावी लागते, मधेच सोडून चालत नाही, कारण तोवर पक्षी तिच्यावर विसंबलेले असतात. मी मुलीकडे पुण्याला गेलो की खाणीजवळ राहणाऱ्या एक वहिनी ती भरतात. परवा फोनवर सांगत होत्या, परातीत भेकरू येऊन पाणी पितं, तर परात मोठी आणा.